अकरा नंबरचा निळा रंग

४ जानेवारी १९७१

माझ्या हातांनी केलेल्या वस्तू, आजअखेर.

रेल्वेत असताना, व्हॅक्यूम ब्रेकचा गळका सांधा शोधणारी पितळी शिट्टी, एक. चिक्की कापायची आठ पात्यांची सुरी, दोन पात्यांत सव्वा इंच अंतर. लोणावळ्याच्या बाजारातल्या तीन दुकानांत अजून चालू. कामशेतच्या भातगिरणीची हलती चाळण. रखमाजी टेलरचा लाकडी पाय, गुडघ्यात वाकणारा. रजनीच्या इन्शुलिनसाठी एकात एक दोन मडकी, मध्ये ओली वाळू. ऐन मे महिन्यात दुपारी दोनला आत चोवीस अंशांच्या वर पारा गेलेला नाही. रजनीच्याच सिरिंजसाठी चौकटीत बसवलेलं भिंग. त्यातून एका युनिटची रेघ गव्हाच्या दाण्याएवढी दिसते.

शिक्षण मराठी पाचवी. इंग्रजी शिकलो यंत्रांच्या कॅटलॉगांवरून, त्यामुळे प्रेमपत्र लिहिता येणार नाही, पण गिअरबॉक्सची तक्रार बिनचूक लिहितो.

ही यादी मी आज डॉ. दिगंबर उकिडवे यांना तोंडी म्हणून दाखवली. अमेरिकेत सहा वर्षं काढून ते परत आले आणि वळवणच्या रस्त्यावर दहा खाटांचं रुग्णालय काढलं. मागे पत्र्याची शेड आहे. तिथे ते कुत्र्यांवर एक प्रयोग करतात: एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढून दुसऱ्याला जोडायचं. दुसऱ्याचं स्वतःचं आधीच काढलेलं, म्हणजे त्याला मधुमेह झालेला. जोडलेलं टिकलं तर मधुमेह गेला. काढल्यापासून जोडेपर्यंत त्या अवयवातून थंड द्रव खेळता ठेवायला त्यांना पंप हवा आहे. मुंबईत कुणी करून देईना, कुणीतरी माझं नाव सांगितलं.

यादी ऐकून म्हणाले, "माधवराव, हे लिहून ठेवा. यापुढे कराल तेही. चुकासुद्धा." म्हणून ही वही.

मी सरळ विचारलं, माझ्या मुलीला होईल का? रजनी सतरा वर्षांची आहे, अकराव्या वर्षापासून दिवसाला दोन सुया. ते म्हणाले, "एक कुत्रा शंभर दिवस जगवून दाखवू, मग माणसाचं बोलू."

शंभर दिवस. मी हो म्हणालो.

९ जानेवारी

आज स्वादुपिंड पाहिलं. हृदयासारखा डौल नाही, यकृतासारखा रंग नाही. जठराच्या मागे अंग चोरून पडलेलं, पिवळट गुलाबी, कोवळ्या कणसासारखं दाणेदार. आणि एवढ्याशा त्या वस्तूला दोन कामं: अन्न पचवणारा रस करायचा, आणि रक्तातली साखर सांभाळायची. दोन वेगळी यंत्रं एकाच पेटीत, बाहेरून एक खिळा दिसत नाही. कारागिरापुढे मान झुकवावी अशी वस्तू.

आणि डॉक्टरांचे हात. तीन मिलिमीटरच्या शिरेला त्यांनी अठरा टाके घातले, मी मोजले. एकही टाका दुसऱ्यापेक्षा लांब नाही. मी आयुष्यात तीन चांगले फिटर पाहिले, हे चौथे.

पंप असा केला: ग्रामोफोनची चावीची मोटर, कारण लोणावळ्याच्या विजेचा भरवसा नाही. तिच्यावर तीन रूळ. ते रबरी नळी दाबत फिरतात, द्रव पुढे सरकतो, पण धातूला कुठेही लागत नाही. डॉक्टरांनी दोनदा फिरवून पाहिला आणि काही बोलले नाहीत. ही त्यांची शाबासकी, असं त्यांच्या नर्सनी सांगितलं.

२४ जानेवारी

तीन आणि चार नंबरचे कुत्रे गेले. चूक माझी.

घाटात चौदा वर्षं ब्रेक सांभाळले. तिथला नियम, लागतो त्याच्या दीडपट जोर हाताशी ठेवायचा. चढ कधी दगा देईल सांगता येत नाही. पंपालाही मी तोच नियम लावला. दीडपट जोरानं अवयव पाण्यात पडलेल्या पावासारखा फुगला. डॉक्टरांनी बोट लावलं, खड्डा तसाच राहिला.

"माधवराव, हा घाट नाही. ही सपाटीवरची वाट आहे. हळू."

रूळ ढिले केले, पाऱ्याची नळी बसवून दाब अर्ध्यावर आणला. चूक लिहून ठेवा म्हणाले होते, लिहिली.

१६ फेब्रुवारी

सात नंबर सहाव्या दिवशी गेला. आतापर्यंत कळलेली कारणं डॉक्टरांनी फळ्यावर लिहून दिली, ती माझ्या भाषेत उतरवतो.

पहिलं, रक्त. मूत्रपिंडातून रक्त नदीसारखं वाहतं, स्वादुपिंडातून पाटासारखं. पाट मंद, आणि मंद रक्त गोठतं. शिरेत गुठळी धरली की सगळं संपलं.

दुसरं, रस. पचवणारा रस वाट मिळाली नाही की जवळ जे मिळेल ते पचवतो, आपल्यालासुद्धा. टाकेही सोडत नाही. म्हणून रसाची नळी बांधून टाकतात, तर ग्रंथी आतल्या आत सुकत जाते.

तिसरं, परकेपणा. अंगाला कळतं की हा आपला नव्हे, आणि ते तुटून पडतं. त्यासाठी गोळ्या आहेत, पण गोळ्यांचेही प्रताप आहेत. वाईट हे की हल्ला सुरू झालेला बाहेरून दिसत नाही. लघवीत साखर दिसते तेव्हा ग्रंथी बहुतेक गेलेली असते. धोक्याची शिट्टी अपघातानंतर वाजते.

म्हणून शेडचा सगळ्यांत कडक नियम: जोडलेल्या कुत्र्याला बाहेरून इन्शुलिन द्यायचं नाही, एक थेंबही नाही. दिलं, तर ग्रंथी काम करते की नाही हे कळायचं कसं?

साखर पाहायचं काम डॉक्टरांनी पहिल्या कुत्र्यापासून रजनीला दिलं आहे. निळं औषध पाच सी. सी., लघवीचे आठ थेंब, उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. मग हिरवा, पिवळा, नारिंगी, आणि शेवटी विटकरी. सहा वर्षं रोज स्वतःचा रंग पाहते, तिच्याइतकी नजर नर्सचीही नाही. डॉक्टर म्हणाले, "ही मुलगी हिरव्यातले चार हिरवे ओळखते."

अभिमान वाटला. लिहून ठेवतो, तिला सांगितलं नाही.

३ मार्च

दहा नंबरही गेला. शिरेत गुठळी.

कुत्री सांभाळायला सरूबाई आहे, तिकोणा पेठेची. डॉक्टर नंबर देतात, ही प्रत्येकाला गुपचूप नाव ठेवते. पुरायचं कामही तिचंच. आज फावडं टेकवून म्हणाली, "भाऊ, आमच्या भिमाजीच्या खाचरात तीन वर्सं भात कुजलं. दर साली म्हनायचा, रोपं वाईट. मग शेजाऱ्याची आनली, पार कामशेतास्नं आनली. ती बी कुजली. मी म्हनलं, मुडद्या, रोपाला का शिव्या देतूस, खाचर बघ की."

मी म्हणालो, "सरूबाई, हे शास्त्र आहे, भातलावणी नव्हे."

"व्हय, मला काय कळतंय. मी निस्ती खड्डं खनते."

रजनी ऐकत उभी होती. हसली.

११ मार्च

अकरा नंबर. तांबूस रंगाचा, बाजारातून आणलेला, साडेतेरा किलो. सरूबाईनं नाव ठेवलं तांब्या. या वेळी पंपाचा दाब पाऱ्याच्या नळीवर पूर्ण वेळ एका रेघेवर राहिला, चाळीस मिनिटं. शिरेचा सांधा डॉक्टरांनी तिरका कापून रुंद केला. ही कल्पना मी नळाच्या जोडावरून सुचवली होती. त्यांनी ऐकून घेतली, हे त्यांचं मोठेपण. नळाची उपमा ऐकून दुसऱ्या सर्जननं मला बाहेर काढलं असतं.

संध्याकाळी रंग निळा.

२७ मार्च

सोळावा दिवस, आणि निळा!

मधे माझा जीव गेला होता. नवव्या दिवशी हिरवा, दहाव्या दिवशी पिवळा, अकराव्या दिवशी विटकरी. मी सरूबाईला खड्ड्याची जागासुद्धा विचारली. बाराव्या दिवशी नारिंगी, तेराव्याला हिरवा, चौदाव्यापासून निळा. डॉक्टर म्हणाले, गोळ्या वाढवल्या त्या लागू पडल्या, अंगानं शेवटी पाहुण्याला ओसरीवर जागा दिली. ते स्वतः शेडमध्ये येऊन कुत्र्याजवळ उकिडवे बसले. मी म्हणालो, आडनाव सार्थ झालं. पहिल्यांदा मोठ्यानं हसले.

घरी येताना शिट्टी वाजवत आलो, असं इंदिरा म्हणते. आमच्या लग्नाला बावीस वर्षं झाली, तिनं माझी शिट्टी ऐकली नव्हती म्हणे.

३ एप्रिल

एक बारीक गोष्ट. इन्शुलिनची बाटली दहा सी. सी., सी. सी.ला चाळीस युनिट, म्हणजे चारशे. रजनी सकाळी बावीस, संध्याकाळी बारा घेते. बाटली साडेअकरा दिवस पुरायला हवी, सहा वर्षं पुरते आहे. २५ मार्चला उघडलेली काल संपली. नऊ दिवस.

सिरिंजचा दट्ट्या ढिला झाला असणार. बारीक काचपूड लावून घासून बसवला. आता पाण्याचा थेंब गळत नाही.

१२ एप्रिल

दुसरी बाटलीही नऊ दिवसांत. कंपनी कमी भरत असेल म्हणून नव्या बाटलीचं वजन केलं, मग जुनी रिकामी बाटली दहा सी. सी. पाण्यानं भरून तिचंही केलं. माप बरोबर. उन्हानं उडतं म्हणावं तर बूच रबरी.

इंदिरा भाकरी थापता थापता म्हणाली, "मोजा, मोजा. दट्ट्या मोजा, बूच मोजा."

"मग काय मोजू?"

"काही नाही. भाकरी गरम आहे तोवर खा."

रजनी हल्ली शेडमध्ये उजाडताच जाते आणि दिवेलागणीला पुन्हा जाते. कामात एवढं लक्ष, हे माझ्याकडून आलं आहे.

२ मे

बावन्नावा दिवस. निळा, क्वचित फिका हिरवा.

मुंबईचे शेठ आले होते. तुंगार्लीला त्यांचा बंगला आहे. एकुलता मुलगा, एकोणीस वर्षांचा, त्यालाही मधुमेह, डोळ्यांवर परिणाम सुरू झाला आहे. अकरा नंबरसमोर उभे राहिले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "डॉक्टर, अमेरिकेत अशी ऑपरेशनं किती झाली?" डॉक्टरांनी लपवलं नाही: वीस-पंचवीस माणसांवर झाली, बहुतेक ग्रंथी वर्षाच्या आत गेल्या, पुष्कळ माणसंही गेली. "मला शंभर दिवस पाहू द्या."

शेठ म्हणाले, "शंभराव्या दिवशी माझा मुलगा."

मी म्हणालो, "त्याच्याआधी माझी मुलगी. शब्द झालेला आहे."

रजनी परीक्षानळी धूत होती. तिच्या हातून एक फुटली. सहा वर्षांत पहिली.

११ मे

इंदिराच्या भावाकडे तळेगावला लग्न आहे. इंदिराला गुडघ्यामुळे जमत नाही, म्हणून रजनीला आठ दिवसांसाठी पाठवायचं ठरवलं. शेडमध्ये चार महिने राबली, तेवढीच हवापालट. रंग मी पाहीन. वाटलं होतं, नाही म्हणेल. उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "जाते, बाबा. तुम्ही म्हणता तर जाते."

संध्याकाळी शेडमधून उशिरा आली. सरूबाई तिला फाटकापर्यंत सोडायला आली होती.

१४ मे

विटकरी. माझ्या हातून आठाऐवजी जास्त थेंब पडले असतील म्हणून पुन्हा केलं. विटकरी.

१७ मे

डॉक्टरांनी गोळ्या दुप्पट केल्या. कुत्रा पाण्याच्या भांड्यात तोंड घालून बसतो, पिऊन झालं तरी काढत नाही. सरूबाई माझ्याकडे बघत नाही. "पोर कवा येनार?" एवढंच दोनदा विचारलं.

१९ मे

अकरा नंबर गेला. एकोणसत्तरावा दिवस.

डॉक्टरांनी उघडला. आत ग्रंथी नव्हती म्हटलं तरी चालेल. आवळकाठीसारखा सुकलेला, कडक तुकडा; शिरेतली गुठळी जुनी, दोरीसारखी झालेली. डॉक्टरांनी तो तुकडा कापून बराच वेळ पाहिला.

"माधवराव, हे आठ दिवसांचं नाही. ही निदान सहा-सात आठवडे मेलेली आहे."

"मग रंग निळा कसा?"

"तेच तुम्हाला विचारतोय."

मी घरी आलो आणि ही वही मागून पुढे वाचली. ३ एप्रिलचं पान आलं. अकरा दिवसांऐवजी नऊ. दिवसाला दहा युनिट कुठेतरी जात होती. दट्ट्या घासणारा, बाटलीचं वजन करणारा मी. गळती कुठे आहे ते बायकोला कळलं होतं, खड्डे खणणाऱ्या बाईला कळलं होतं.

२० मे

रजनी दुपारच्या गाडीनं आली. तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. ट्रंकेतून एक वही काढून माझ्यापुढे ठेवली.

एकावन्न दिवस. २२ मार्चपासून ११ मेपर्यंत. तारीख, रंग, युनिट. पहिल्या दिवशी दोन युनिट देऊन रंग पाहिला, मग तीन, मग पाच. अखेर सकाळी सहा, संध्याकाळी चार. भिंगातून मोजून. कुत्र्याचं वजन दर सोमवारी. एके दिवशी कमी खाल्लं म्हणून दीड युनिट कमी, आणि समासात "थरथरला, गूळ दिला." एकही खाडाखोड नाही.

"रंग एकही खोटा लिहिला नाही, बाबा," ती म्हणाली. "जो दिसला तोच शेडच्या वहीत लिहिला."

"पण नियम..."

"दहा कुत्री मेली. दहांचे रंग मी पाहिले. विटकरी म्हणजे तुम्हाला एक रंग आहे. मला जिभेवर माहीत आहे. पाणी प्यायचं आणि तहान तशीच. मी एक दिवस देणार होते, फक्त मरताना तहान नको म्हणून. मग तो उठला. डॉक्टर हसले. तुम्ही शिट्टी वाजवत घरी आलात."

मी वहीचं पान उलटलं.

"शेठच्या मुलाचं ऐकलं तेव्हा सांगायचं ठरवलं होतं. तोंड उघडलं नाही. मग तुम्ही तळेगावला जा म्हणालात. म्हटलं, मी नसेन तर रंगच सांगेल." मग म्हणाली, "सरूमावशी म्हणाली, तू नसशील तेव्हा मी देते, मला शिकव. मीच नको म्हटलं."

आणि उठता उठता, "माझ्यावर करायचं तुम्ही शब्दानं बांधून घेतलंत. मला कुणी विचारलं नव्हतं."

२३ मे

तीन दिवस गप्प राहिलो, तेही लिहिलं पाहिजे. मनात येत होतं, डॉक्टरांनी बारा नंबर करावा, तो खरोखर टिकेल, आणि हे कुणाला कळणार नाही. पंप तर निर्दोष आहे. अशा विचारानं माणूस गळका ब्रेक लावलेली गाडी घाटात सोडतो.

आज रजनीला घेऊन गेलो. डॉक्टरांनी तिची वही पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचली. टेबलावर त्यांचा निबंध टाईप केलेला होता, पुढच्या महिन्यात मुंबईच्या परिषदेत वाचायचा. त्यांनी तो दोनदा घडी घालून खणात टाकला. मला वाटलं आता मुलीला बोलतील.

म्हणाले, "माझी ग्रंथी दहा दिवस जगली. हिचं इन्शुलिन एकावन्न दिवस चाललं. या खोलीत मधुमेहाचा इलाज कुणाला येतो, हे लिहिलेलंच आहे." मग रजनीला, "नियम मोडलात, ते वाईट. लपवलंत, ते अधिक वाईट. उद्या सकाळी सातला या. बारा नंबरचे रंग कोण पाहणार?"

ती म्हणाली, "या वेळी मरताना पाहावं लागलं तर, डॉक्टर?"

"तर मला हाक मारा. तहानेनं मरू द्यायचा नाही. त्या दिवशी प्रयोग संपला असं मी लिहीन."

असा माणूस मी पाहिला नाही. हात सांगतात त्याहून मोठा.

निघताना मी एक विचारलं. चार दिवस डोक्यात फिरत होतं. कुत्र्याचं स्वादुपिंड आपण काढलं म्हणून त्याला मधुमेह. रजनीचं कुणी काढलं? ज्यानं ते संपवलं तो अजून आतच बसला असेल, तर नवं दिलेलं तो सोडेल का?

डॉक्टर दारात थांबले. "गोळ्या, गुठळ्या, रस, सगळ्यांचं उत्तर आज ना उद्या मिळेल. याचं मला माहीत नाही. हा प्रश्न तुम्हाला सुचला कसा?"

मी म्हणालो, सुचला. बाहेर आल्यावर आठवलं, भिमाजीचं खाचर. परत जाऊन दुरुस्ती करून आलो: प्रश्न सरूबाईंचा आहे, तिकोणा पेठ.

१२ जून

बाटली काल संपली. साडेअकरा दिवस.

रजनीनं शेडमागे, जिथे तांब्याला पुरलं, तिथे काही लावलेलं नाही, दगड ठेवलेला नाही. जाताना फक्त त्या बाजूनं जाते.

आज शेठ घरी आले. उकिडव्यांनी त्यांना सगळं खरं सांगितलं आणि मुलावर करणार नाही म्हणाले. शेठनी मुंबईत दुसरा सर्जन शोधला आहे, तो तयार आहे. पंप नाही. चहा पिता पिता म्हणाले, "गराडे, तुम्ही बाप, मी पण बाप. एक कुत्रा कशानं जगला, कशानं मेला, त्यात मला पडायचं नाही. तुमचा पंप चांगला आहे की नाही, एवढं सांगा."

"उत्तम आहे. त्याच्यासारखा दुसरा देशात नसेल."

"मग द्या."

मी रजनीला विचारलं. या वेळी विचारलं. तिनं शेठकडे न बघता आपली वही आणून त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "तुमच्या मुलाला माझ्याकडे पाठवा. एक आठवडा. रंग बघायला आणि मोजायला शिकवीन." शेठनी वही उघडली नाही.

पंप कपड्यात गुंडाळून कपाटात ठेवला आहे, उकिडव्यांना लागेल तेव्हा त्यांचा. यादीत तो लिहितो: रूळ तीन, दाब पाऱ्याच्या नळीवर एका रेघेवर स्थिर, दोष नाही.

शेठची बोली होती पंपाची, आणि शस्त्रक्रियेच्या दिवशी तो चालवायला मी स्वतः जाण्याची. नाही म्हणालो. नाकारलेली रक्कम, रोख पंचवीस हजार रुपये.